पुढची तारीख: ६ जुलै

२७० दिवस आधी. ८ ऑक्टोबर २०२०ची संध्याकाळ. रांचीच्या ‘बगैचा’ या जेझुइट केंद्रातून ८३ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींना राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) अटक केली. गुन्हा पुण्याचा. ३१ डिसेंबर २०१७ला शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेवरून विश्रामबाग पोलिस ठाण्यात नोंदवलेला. आरोप बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा. फादरांनी तो नाकारला. झारखंडमधल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी कोर्टात याचिका करणारा हा माणूस दुसऱ्या दिवसापासून तळोजा तुरुंगात स्वतःच कच्चा कैदी होता.

फादरांची वाट अडली ती यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४३ड(५)पाशी. आरोप सकृतदर्शनी खरा वाटला की जामीन नाही. तिथे वय कोणी विचारत नाही.

२४१ दिवस आधी. ६ नोव्हेंबर. कंपवातामुळे हातात पेला ठरत नव्हता. अटकेच्या वेळी घेतलेले स्ट्रॉ आणि सिपर परत द्या, असा अर्ज त्यांनी केला. एनआयएने उत्तराला वीस दिवस मागितले आणि ते मिळाले. २६ नोव्हेंबरला उत्तर आलं: आम्ही ते घेतलेच नाहीत. पाणी पिण्याच्या नळीसाठी वीस दिवस! कामकाजात बोट ठेवायला जागा नाही, सगळं रीतसर. मला तर याचाच जास्त राग येतो.

१०५ दिवस आधी. २२ मार्च २०२१. विशेष न्यायालयाने जामीन फेटाळला.

४५ दिवस आधी. २१ मे. तुरुंगातून व्हिडिओवर फादर मुंबई उच्च न्यायालयाशी बोलले. आलो तेव्हा हिंडत-फिरत होतो, हाताने जेवत होतो. आता भरवावं लागतं. जेजे रुग्णालय नको, त्यापेक्षा इथे मरेन; जमलं तर आपल्या माणसांत जाऊ द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. जामीन मिळाला नाही. २८ मेच्या आदेशाने वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं गेलं. तिथे कोविड निघाला.

दोन दिवस आधी. शनिवार, ३ जुलै. फादर अजून आयसीयूत आहेत, असं वकील मिहीर देसाईंनी न्यायमूर्ती एस. एस. शिंदे आणि एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाला सांगितलं. पुढची तारीख पडली मंगळवारची, ६ जुलैची.

३३ तास आधी. रविवार, पहाटे साडेचार. हृदय बंद पडलं. व्हेंटिलेटर लावला, शुद्ध पुन्हा आली नाही.

सोमवार, ५ जुलै. प्रकृती बिघडल्यामुळे तातडीच्या सुनावणीची विनंती झाली. वेळ मिळाली दुपारी अडीचची.

१ वाजून २४ मिनिटं. मृत्यू.

६६ मिनिटांनंतर. जामिनाची सुनावणी सुरू झाली. देसाईंनी आधी डॉक्टरांना बोलू द्यावं, अशी विनंती केली. होली फॅमिलीच्या डॉ. इयान डिसोझांनी मृत्यूची वेळ सांगितली.

कोठडीतला मृत्यू म्हणून कायद्याने दंडाधिकाऱ्यांची चौकशी लागू झाली. विशेष न्यायालयाने जामीन नाकारताना नोंदवलेला सकृतदर्शनी ठपका कागदावर तसाच होता. तो पुसावा म्हणून जेझुइट फादर फ्रेझर मस्करेन्हस यांनी डिसेंबर २०२१मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली.