किसलेले चीज

किसलेले चीज म्हणजे चीजच्या ठोकळ्याचा किसणीने अथवा यंत्राने केलेला कीस होय. पिझ्झा, पास्ता, सँडविच इत्यादी पदार्थांत त्याचा वापर होतो. ठोकळा आणून घरी केलेला आणि कारखान्यात किसून पाकीटबंद केलेला असे त्याचे दोन प्रकार आहेत. कीस मोकळा राहावा व टिकावा म्हणून पाकीटबंद प्रकारात सहसा काही घटक मिसळतात. त्यामुळे त्याच्या वितळण्यात फरक पडतो.

मिसळले जाणारे घटक

किसल्यामुळे चीजचे पृष्ठफळ अनेक पटींनी वाढते. कापलेल्या कडांवरील स्निग्धांश व ओलावा यांमुळे कीस चिकटून त्याचे गोळे होतात. ते टाळण्यासाठी बटाट्याचा अथवा मक्याचा स्टार्च किंवा सेल्युलोज वापरतात. सेल्युलोज हा वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतील तंतुमय घटक असून (आयएनएस ४६०) तो माणसाला पचत नाही. मात्र अल्प प्रमाणात तो अपायकारक मानला जात नाही. बुरशी रोखण्यासाठी नटामायसिन (आयएनएस २३५) वापरले जाते.

वितळण्यातील फरक

चीजमध्ये केसीन या प्रथिनाची जाळी असते व तीत स्निग्धांश आणि पाणी अडकलेले असते. उष्णतेने प्रथम स्निग्धांश पातळ होतो, नंतर जाळी सैल होऊन चीज वाहू लागते. तुकड्यांवरील स्टार्च किंवा सेल्युलोजच्या थरामुळे ते एकजीव होण्यास अडथळा येतो. परिणामी सॉस रवाळ होऊ शकतो.

शुद्धतेचा प्रश्न

अखंड चीजची ओळख त्याच्या सालीवरून पटते. इटलीतील पार्मिजानो रेज्जानो या चीजच्या सालीवर त्याचे नाव ठिपक्यांनी उमटवलेले असते. किसल्यावर ही खूण नाहीशी होते व भेसळीस वाव मिळतो. अमेरिकेत पार्मेझान म्हणून विकलेल्या किसात सेल्युलोज व इतर स्वस्त चीज मिसळल्याच्या प्रकरणात २०१६ मध्ये एका उत्पादक कंपनीच्या प्रमुखाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. पार्मिजानो रेज्जानोच्या किसात सालीचे प्रमाण १८ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे व बाहेरचा कोणताही घटक नसावा, असा नियम आहे. ग्राना पादानो हे चीज त्याच्या उत्पादनक्षेत्रातच किसून पाकीटबंद करण्याची अट युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये ग्राह्य ठरवली.

भारतात वेष्टनावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. त्या यादीत वनस्पती तेल आढळल्यास तो पदार्थ निव्वळ दुधाचे चीज नसतो.

घरी किसणे

मऊ चीज किसण्यापूर्वी थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवल्यास ते किसणीला चिकटत नाही. मोझरेलासारख्या मऊ चीजसाठी मोठ्या छिद्रांची, तर पार्मेझानसारख्या कठीण चीजसाठी बारीक छिद्रांची किसणी योग्य ठरते. घरचा कीस लवकर सुकतो व त्यावर बुरशी येते. म्हणून तो लागेल तेवढाच करतात आणि उरलेला ठोकळा गुंडाळून शीतकपाटात ठेवतात.