सायकलच्या फ्रेमचे माप (स्त्रियांसाठी)

क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) फिरण्याच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे फ्रेमचे माप. ते इंचांत किंवा सेंटिमीटरमध्ये सांगतात. दुकानात ‘२६ची लेडीज’ म्हणून दाखवतात त्या सायकलीचा आकडा चाकाचा असतो, फ्रेमचा नव्हे. जुन्या काळ्या सायकलींचे २२ व २४ हे आकडे मात्र फ्रेमचेच होते. या गल्लतीमुळे अनेकींच्या वाट्याला अंगापेक्षा मोठी सायकल येते.

मधली दांडी खाली उतरलेली फ्रेम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य स्त्रियांच्या घोळदार झग्यांसाठी आली. साडी किंवा सलवार-कमीज घालून चालवायला ती आजही सोयीची आहे. पण ही सोय चढण्या-उतरण्यापुरती. पाय सहज टेकतात म्हणून सायकल बेताची वाटते आणि हँडल लांब पडते आहे हे लक्षातच येत नाही.

माप घेताना अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखे वर दाबून धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. या लांबीला ०.६७ ने गुणले की रोड सायकलच्या फ्रेमचे आणि ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतच्या उंचीचे अंदाजी माप मिळते. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार व अमेरिकन शर्यतपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे ही रीत रूढ झाली. ७२ सेंमी. लांबीला फ्रेम सुमारे ४८ सेंमी. आणि सीटची उंची सुमारे ६३.५ सेंमी. येते. उतरत्या दांडीच्या फ्रेमला पहिला गुणाकार लागू पडत नाही. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित, म्हणजे २५ ते ३५ अंश, वाकलेला असावा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याची पुढची बाजू दुखते. फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डोलते.

खरी कसोटी सीटपासून हँडलपर्यंतच्या अंतराची. ते जास्त असले की मान आखडते, तळवे बधिर होतात आणि सीटच्या टोकावर भार येऊन नाजूक भागाला इजा होते. अशा वेळी सीट पुढे सरकवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे, कारण त्याने गुडघ्याची जागा बिघडते. हँडलची आडवी मान (स्टेम) १०० मिमी. ऐवजी ७० मिमी.ची बसवावी. त्यानेही भागले नाही तर फ्रेमच मोठी आहे असे समजावे. सीटची रुंदी बैठकीच्या दोन हाडांमधील अंतरावर ठरते. गादी जाड असल्याने आराम मिळतोच असे नाही. लहान चणीच्या स्त्रीला १७० मिमी.पेक्षा आखूड क्रँक आणि खांद्यांइतके रुंद हँडल मानवते.

अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये खास स्त्रियांच्या सायकलींची कंपनी काढली. फ्रेम आखूड केली की वळताना पुढचे चाक पायाच्या बोटांना लागते, म्हणून त्यांनी पुढे २४ इंची लहान चाक बसवले. स्त्रियांचे पाय लांब व धड आखूड, या समजुतीवर पुढे बऱ्याच कंपन्यांनी वेगळ्या फ्रेम काढल्या. स्पेशलाइज्ड कंपनीने मात्र मापांच्या नोंदी पाहून अशा फ्रेम बंद केल्या. दोन स्त्रियांमधला फरकही स्त्री-पुरुषांमधल्या फरकाएवढाच मोठा असू शकतो. ‘लेडीज’ या शिक्क्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवणे योग्य.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल घ्यायला मदत मिळते. या वयात उंची वाढत असल्याने दर वर्षी सीट नव्याने लावून द्यावी. मात्र सीटची दांडी नळीत किमान किती आत हवी हे दाखवणारी तिच्यावरची खूण नळीबाहेर दिसू लागली, तर त्याहून लांब दांडी घालावी.