माळाची दोन लेकरे

सुपे म्हटले, की वाचकांना शहाजीराजांची जहागीर आणि संभाजी मोहितेमामा आठवतात. आम्हां सुपेकरांना त्याआधी आठवतो तो माळ. पवन्या, कुसळी, मारवेल ह्या गवतांचा आणि दिवाळीच्या सुमारास पिवळाजर्द होणारा. शहाण्यासुरत्या माणसांच्या लेखी मात्र ही 'पडीक' जमीन!

परंतु ह्या पडीक मुलखाला प्राणिशास्त्राच्या इतिहासात मानाचे पान आहे. मुंबई सरकारने 1824 साली विल्यम हेन्री साइक्स ह्या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पिके आणि माणसे मोजता मोजता त्याने पशुपक्षीही टिपले. दख्खनचा लांडगा आणि चिंकारा ह्या दोहोंचे पहिले शास्त्रीय वर्णन त्याने 1831 साली केले. आजही त्यांच्या शास्त्रीय नावांपुढे साइक्सचे नाव आणि ते साल लिहितात. चिंकाऱ्याचे मराठी नाव जुन्या इंग्रजी ग्रंथांत 'कळसिपी', म्हणजे काळ्या शेपटीची, असे नोंदलेले आहे.

नाव मिळाले, अभय मिळाले नाही. इंग्रजी अमदानीत लांडगा मारणाऱ्यास सरकारातून बक्षीस मिळे. कायद्याचे कवच आले ते 1972 साली; आणि आमच्या सुप्याजवळचा पाच चौरस किलोमीटरांचा माळ मयूरेश्वर अभयारण्य झाला तो 1997 साली, मुख्यतः चिंकाऱ्यासाठी.

आता माझी चूक सांगतो. सामाजिक वनीकरणाच्या दिवसांत आम्ही शाळकरी पोरांनी एका माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाची रोपे लावली. केवढे पुण्य वाटले होते! झाडे दाट झाली की खालचे गवत हटते, आणि दूरवर नजर टाकून पळून वाचणाऱ्या चिंकाऱ्याची वाटच अडते, हे कोणाला ठाऊक होते?

हे ठाऊक करून दिले अभ्यासकांनी. सोलापूरकडे नान्नजच्या माळावर सतीश कुमार आणि असद रहमानी ह्यांनी लांडगे काय खातात, धनगरांची किती जनावरे मारतात, ह्याचा हिशेब मांडला. अलीकडे बंगळूरच्या अशोका ट्रस्टचे आणि पुण्याच्या ग्रासलँड्स ट्रस्टचे अभ्यासक वनखात्याबरोबर पुण्याच्या माळांवर लांडग्यांचा माग घेत आहेत. त्यांचे सांगणे साधे आहे : माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे, ते मुळातच गवताचे रान आहे.

पण धनगराचे काय? माझ्या चुलत्यांची दोन कोकरे एका रात्री लांडग्याने नेली. काका म्हणाले, "त्याचंबी पोट हाय. पर माझ्या कोकरांचं कोण बघणार?" ह्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञाच्या वहीत अर्धेच असते. उरलेले अर्धे म्हणजे वेळेवर हाती पडणारी भरपाई. ते सरकारने द्यायचे.

गेल्या दिवाळीत नातवाला माळावर नेले. "आजोबा, इथं झाडं लावू या का?" त्याने विचारले. मी नको म्हटले आणि बोट दाखवले. पिवळ्या गवतात एक काळी शेपटी हलत होती.