छीट, जकात आणि गिरणी

दिवाळी तोंडावर आली, की घरोघर कापडाची खरेदी सुरू होते. धाकट्याला सदरा, लेकीला परकर-पोलके, घरच्या लक्ष्मीला साडी! या गडबडीत कापडाचा भाव सगळेच विचारतात. त्याचा इतिहास मात्र कोणी विचारीत नाही. तो आज सांगावा म्हणतो.

‘विलायती कापडाने आपल्या मागाला का हरवले?’ असा प्रश्न मी वर्गात घातला, की उत्तर ठरलेले असते : ‘यंत्रामुळे, गुरुजी!’ हे उत्तर खोटे नाही. पण अर्धे आहे. तिकडे यंत्राच्या आधी एक कायदा जन्माला आला होता.

सतराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे आपल्याकडचे कापड गठ्ठ्यांनी लंडनला नेत. जाडजूड लोकरीत वाढलेल्या त्या लोकांना हे हलके, धुता येणारे आणि धुऊनही रंग न सोडणारे कापड म्हणजे नवलच वाटले. आपल्या छिटाचे तिकडे ‘चिंट्झ’ झाले; कालिकत बंदरावरून सुती कापडाला ‘कॅलिको’ हे नाव पडले. सरदारणीपासून मोलकरणीपर्यंत सगळ्या छीट नेसू लागल्या, आणि लोकर व रेशीम विणणारांच्या पोटात गोळा उठला. त्यांच्या ओरडीवरून 1700 साली पार्लमेंटने हिंदुस्थानातून येणारे छापील कापड वापरण्यास बंदी केली.

पण कोरे कापड येतच राहिले, आणि लंडनचे रंगारी त्यावर घरीच छाप उठवू लागले! 1719 मध्ये स्पिटलफील्ड्सचे विणकर रस्त्यावर उतरले. छीट ल्यालेली बाई दिसली, की तिच्या अंगावर शाई नाहीतर तेजाब फेकावे, भर रस्त्यात तिचे कपडे फाडावे, असा प्रकार चालला. त्या विणकरांच्या घरी चूल थंड होती हे खरे. पण त्या बायकांचा काय अपराध? 1721 साली नवा कायदा झाला. छापील सुती कापड वापरणाऱ्याला 5 पौंड दंड, विकणाऱ्याला 20 पौंड! मलमल मात्र सुटली.

आता गंमत पाहा. कुंपण मागितले लोकरवाल्यांनी, आणि पीक आले लँकेशायरच्या सुतवाल्यांचे. लिननचा ताणा आणि कापसाचा बाणा घालून ते छिटाची उणीव भरून काढू लागले. 1736 साली त्यांच्या कापडाला कायद्यातून सूट मिळाली. हारग्रीव्हजचे सूतयंत्र आले 1764 च्या सुमारास, आर्कराइटचे 1769 मध्ये. 1774 साली, घरचे सूत पुरेसे मजबूत झाल्यावर, विलायतेत विणलेल्या शुद्ध सुती कापडावरची बंदी उठली. आधी कुंपण, मग रोप! नुसत्या कुंपणाने रोप वाढत नाही. पण गुरांपासून ते वाचते, एवढे खरे.

मग आमचे रोप? 1854 साली कावसजी दावरांनी मुंबईत सूतगिरणी काढली आणि पाहता पाहता गिरणगाव उभे राहिले. तेव्हा परदेशी कापडावर इथे थोडी जकात होती, तीही केवळ तिजोरीसाठी. मँचेस्टरला तेवढीही खुपली, आणि 1882 साली ती गेली. पुढे तिजोरीत खडखडाट झाला, म्हणून 1894 मध्ये जकात परत बसली. परंतु मँचेस्टरची समजूत काढायला हवी! म्हणून 1896 साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली, आणि आपल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला. घराच्या कुंपणाचा खर्च घरधन्याकडून घ्यावा आणि कुंपण मात्र घालूच नये, तसला हा न्याय! पुण्यात टिळकांनी त्याच वर्षी विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली.

हा कर तीस वर्षे टिकला. 1925 साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मंदीचे कारण सांगून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. कामगारांनी संप केला. महिन्यांमागून महिने गिरण्या बंद राहिल्या. डिसेंबरात सरकारने तो कर तहकूब केला, तेव्हा मालकांनी कपात मागे घेतली. दूरच्या पार्लमेंटाच्या मर्जीसाठी बसवलेला कर परळच्या चाळीतल्या भाकरीपर्यंत कसा पोचतो, ते तेव्हा साऱ्यांनी पाहिले.

1930 साली खरे संरक्षण आले. तेही विलायती कापडाला 15 टक्के आणि इतरांना 20, असे हात राखून. त्याच वर्षी 12 डिसेंबरला काळबादेवीला परदेशी कापडाच्या लॉरीपुढे एक गिरणी कामगार आडवा झाला. आंबेगाव तालुक्यातला महाळुंगे पडवळचा बाबू गेनू! लॉरी त्याच्या अंगावरून गेली.

स्पिटलफील्ड्सच्या विणकराचे ऐकायला त्याच्या गावात पार्लमेंट होते. बाबू गेनूला ते नव्हते. वेशीवरच्या नाक्याची किल्ली परक्याच्या कमरेला होती. म्हणून जे काम कायद्याच्या दोन ओळींनी व्हायचे, त्यासाठी त्याने आपला देह रस्त्यावर टाकला.