ध्रुवणसंवेदी ऊष्मीय कॅमेरा
ध्रुवणसंवेदी ऊष्मीय कॅमेरा : पदार्थाकडून येणाऱ्या अवरक्त प्रारणाची तीव्रता व त्यातील कंपनांची दिशा या दोहोंवरून प्रतिमा तयार करणारे साधन. साधा ऊष्मीय कॅमेरा केवळ तीव्रता नोंदवितो. त्यामुळे वस्तू व तिची पार्श्वभूमी यांच्याकडून सारखेच प्रारण येऊ लागले की, वस्तू दिसेनाशी होते. उघड्यावर अशी स्थिती बहुधा सकाळी व संध्याकाळी येते. ध्रुवण मात्र पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा व कल यांवरही अवलंबून असल्याने अशा वेळी उपयोगी पडते.

पूर्वेतिहास : सर विल्यम हर्शेल (१७३८–१८२२) यांनी १८०० मध्ये अवरक्त प्रारणाचा शोध लावला; तथापि उष्णतेचे किरण प्रकाशाहून भिन्न असावेत, असे त्यांचे अखेरचे मत झाले. १८०८ मध्ये एत्येन माल्यूस (१७७५–१८१२) यांना परावर्तित प्रकाश ध्रुवित असतो, असे आढळले. उष्णतेच्या किरणांचेही ध्रुवण होत असेल, तर ते प्रकाशाचेच सजातीय ठरणार होते. म्हणून या प्रश्नास महत्त्व आले. माचेदोन्यो मेल्लोनी (१७९८–१८५४) यांनी तपचितीच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांत तोरमल्लीच्या पट्ट्या वापरल्या, परंतु ध्रुवण आढळले नाही. कारण दृश्य प्रकाशाचे ध्रुवण करणारा हा स्फटिक अवरक्त किरणांच्या बाबतीत तितका परिणामकारक नसतो. एडिंबरो येथील जेम्स डेव्हिड फोर्ब्झ (१८०९–६८) यांनी १८३४ मध्ये अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांच्या चळती वापरून हे ध्रुवण सिद्ध केले. पुढे मेल्लोनी यांच्या प्रयोगांनीही त्यास दुजोरा मिळाला.

तत्त्व : गुस्टाफ किरखोफ (१८२४–८७) यांच्या नियमानुसार जो पृष्ठभाग ज्या प्रकारचे प्रारण अधिक शोषतो तोच ते अधिक उत्सर्जित करतो. गुळगुळीत पृष्ठभागाकडे तिरकस पाहिल्यास उत्सर्जित प्रारणाचे ध्रुवण परावर्तित प्रारणाच्या ध्रुवणास काटकोनात असते. त्यामुळे परिसर व वस्तू यांचे तापमान समान असल्यास दोन्ही परिणाम परस्परांना नाहीसे करतात. निरभ्र आकाश थंड असल्याने त्याखाली ध्रुवण स्पष्ट मिळते. ढगाळ हवेत ते क्षीण होते. म्हणजेच हे साधनही तापमानातील फरकापासून सर्वस्वी मुक्त नाही.

विकास : सॅम्युएल लँग्ली (१८३४–१९०६) यांचा बोलोमीटर, १९५९ मध्ये इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथे तयार झालेले पारा-कॅडमियम-टेल्युराइड हे संयुग आणि १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हनीवेल कंपनीने विकसित केलेला, शीतनाची गरज नसलेला सूक्ष्मबोलोमीटर हे अभिज्ञातकांच्या विकासातील मुख्य टप्पे होत. ध्रुवकांच्या बाबतीत हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी १८८८ मध्ये रेडिओ तरंगांसाठी तारांची जाळी वापरली होती. बर्ड व पॅरिश यांनी १९६० मध्ये अवरक्त किरणांसाठी अतिसूक्ष्म जाळी बनविली. अशा जाळीतील तारांमधील अंतर तरंगलांबीहून पुष्कळच कमी असावे लागते.

आरंभीच्या कॅमेऱ्यांत ध्रुवक भिंगासमोर फिरवून एकामागून एक प्रतिमा घेत. मधल्या काळात वस्तू हलल्यास खोटे ध्रुवण दिसे. शिवाय ध्रुवक स्वतःही ऊष्मीय प्रारण उत्सर्जित करीत असल्याने त्याचे संस्करण आवश्यक असे. नंतरच्या रचनेत अभिज्ञातकाच्या प्रत्येक चार घटकांवर ०°, ४५°, ९०° व १३५° अशा दिशांच्या जाळ्या बसविण्यात आल्या. त्यामुळे चारही मापने एकाच क्षणी मिळतात. मात्र शेजारचे घटक किंचित वेगळ्या बिंदूंकडे पाहत असल्याने वस्तूच्या कडांपाशी चूक संभवते. मापनांचे गणित जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये मांडलेल्या राशींवर आधारलेले आहे.

उपयोग : पाण्यावरील तेलाचा तवंग, गवतात दडलेली वाहने व पुरलेले सुरुंग शोधण्यासाठी या पद्धतीचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेच्या लष्करी संशोधन प्रयोगशाळेतील गर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ध्रुवणामुळे ऊष्मीय प्रतिमेतील चेहऱ्याची ओळख सुधारते, असे दाखविले. अंधारातही माणूस ओळखता येऊ लागल्याने संरक्षणाबरोबरच व्यक्तीच्या खाजगीपणाचा प्रश्नही या साधनाशी निगडित झाला आहे.