कंपनी बुडू लागल्यावर संचालक कोणाला उत्तरदायी?

कंपनी एका दिवसात बुडत नाही. आधी पुरवठादारांची बिले रखडतात, मग भविष्य निर्वाह निधीचा भरणा चुकतो, बँकेचा हप्ता थकतो आणि सरतेशेवटी कोणीतरी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची पायरी चढते. हा मधला काळ कित्येकदा दोन-तीन वर्षांचा असतो आणि त्या काळात तिजोरीच्या किल्ल्या संचालकांच्याच हाती असतात. तेव्हा त्यांनी कोणाचे हित पाहावे? भागधारकांचे, की ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकले आहेत त्या धनकोंचे? वरकरणी तांत्रिक वाटणारा हा प्रश्न नोएडातील वीस हजारांहून अधिक घरखरेदीदारांना आणि मुंबईतील एका गृहवित्त कंपनीच्या ठेवीदारांना प्रत्यक्ष भोगावा लागला आहे.

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १६६ संचालकांची कर्तव्ये सांगते. संचालकाने सद्भावनेने वागावे, कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण यांचे हित जपावे, असे त्यात म्हटले आहे. या लांबलचक यादीत धनकोचा उल्लेख मात्र नाही. कंपनी सुस्थितीत असते तोवर त्याने फारसे बिघडत नाही. नफा झाला तर भागधारकांचा आणि तोटा झाला तर त्यांच्याच भांडवलातून जाणार, असा तो हिशेब असतो. देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली की हा हिशेब उलटतो. भागधारकांचे भांडवल आधीच बुडालेले असते. त्यानंतर खेळला जाणारा प्रत्येक डाव धनकोंच्या पैशांवर असतो. जिंकला तर लाभ भागधारकांना, हरला तर फटका पुरवठादार, बँका आणि कामगारांना. मर्यादित दायित्वाच्या तत्त्वामुळे भागधारकांकडे अधिक काही मागताही येत नाही. दिवाळखोरीतील वाटपाचा क्रम सांगणाऱ्या कलम ५३ मध्येही भागधारक अगदी तळाशी आहेत.

इंग्लंडमधून आलेला विचार

भारतीय कंपनी कायद्याचे मूळ इंग्लंडमध्ये असल्याने तेथील घडामोडी ध्यानात घेणे उपयुक्त ठरते. १९८७ साली तेथील अपील न्यायालयासमोर वेस्ट मर्सिया सेफ्टीवेअर या कंपनीचे प्रकरण आले. बुडत्या उपकंपनीच्या खात्यातून संचालकाने चार हजार पौंड मूळ कंपनीच्या खात्यात वळवले होते. मूळ कंपनीच्या कर्जाला त्याची स्वतःची वैयक्तिक हमी होती, हे त्यामागचे खरे कारण. उपकंपनी नादार झाली असताना धनकोंच्या हिताकडे दुर्लक्ष करणे हा कर्तव्यभंग आहे, असे न्यायालयाने ठरवले. रक्कम क्षुल्लक होती, पण तत्त्व टिकले.

या तत्त्वाची नेमकी सुरुवात कोणत्या क्षणी होते, याचे उत्तर मिळण्यास मात्र ऑक्टोबर २०२२ उजाडावे लागले. सेक्वाना प्रकरणात एका उपकंपनीने मे २००९ मध्ये मूळ कंपनीला १३.५ कोटी युरोंचा लाभांश दिला होता. त्या वेळी ती नादार नव्हती, पण अमेरिकेतील एका नदीच्या प्रदूषणाची अनिश्चित जबाबदारी तिच्या डोक्यावर होती आणि पुढे सुमारे दशकभराने ती बुडाली. दिवाळखोरीचा केवळ दूरचा धोका पुरेसा नाही. नादारी उंबरठ्यावर असेल किंवा अवसायन संभाव्य असेल, तेव्हाच धनकोंचे हित विचारात घेण्याचे बंधन सुरू होते, असा निर्वाळा ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने दिला. परिस्थिती जितकी बिघडत जाईल, तितके धनकोंच्या हिताचे पारडे जड होत जाते आणि अवसायन अटळ झाले की भागधारकांचे हित बाजूला पडते. भारतातील न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही. मार्गदर्शक म्हणून त्याचा आधार घेता येतो.

संहितेतील कलम ६६

कंपनी कायद्यातील ही उणीव भारतात नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ ने काही प्रमाणात भरून काढली. कलम ६६ चे पहिले पोटकलम फसवणुकीच्या हेतूने चालवलेल्या व्यवसायाबद्दल आहे. दुसरे पोटकलम अधिक महत्त्वाचे, कारण तेथे लबाडी सिद्ध करावी लागत नाही. दिवाळखोरी प्रक्रिया टळण्याची वाजवी शक्यता उरलेली नाही, हे संचालकाला ठाऊक असेल किंवा ठाऊक असायला हवे होते, आणि तरीही धनकोंचे संभाव्य नुकसान कमी करण्यासाठी त्याने योग्य ती दक्षता घेतली नसेल, तर कंपनीच्या मालमत्तेत स्वतःच्या खिशातून भर घालण्याचा आदेश न्यायाधिकरण त्याला देऊ शकते.

'ठाऊक असायला हवे होते' या शब्दांत कलमाची धार आहे. 'मला ताळेबंद कळत नाही' किंवा 'सारे काही मोठे बंधू पाहत' हा बचाव येथे चालत नाही. त्याच पदावरील व्यक्तीकडून जी दक्षता अपेक्षित असते, तीच मोजपट्टी लागते. कौटुंबिक कंपन्यांत केवळ सही करण्यापुरते संचालक झालेल्या पत्नी, भाऊ आणि मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

याचा अर्थ कंपनी अडचणीत येताच कुलूप लावावे, असा नाही. संचालकाने कंपनी वाचवलीच पाहिजे, असेही कायदा म्हणत नाही. खड्डा आणखी खोल करू नये, एवढीच त्याची अपेक्षा आहे. माल किंवा घर देता येणार नाही हे दिसत असताना ग्राहकांकडून नवी आगाऊ रक्कम घेणे, आप्तेष्टांची उसनवार आधी फेडणे किंवा लाभांश वाटणे, या गोष्टी पुढे अंगाशी येतात. उलट, रोख प्रवाहाचा दर आठवड्याला आढावा घेतला, तज्ज्ञाचा सल्ला घेतला, बँकेशी वेळीच बोलणी केली आणि हे सारे मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवले, तर दक्षता दाखवता येते. राजीनामा देऊन सुटका होते, हा समज चुकीचा आहे. कलम १६८ नुसार कार्यकाळातील अपराधांची जबाबदारी राजीनाम्यानंतरही राहते. स्वतंत्र संचालकांना कलम १४९ मध्ये काहीसे संरक्षण आहे, परंतु दक्षता न दाखवणाऱ्याला नाही.

कोविडकाळात मात्र सवलत दिली गेली. २५ मार्च २०२० पासून वर्षभरात झालेल्या थकबाकीसाठी दिवाळखोरी प्रक्रिया सुरू करण्यास मनाई होती, आणि त्या थकबाकीसंदर्भात या दुसऱ्या पोटकलमाखाली अर्जही करता येत नाही.

जेपीची जमीन

संचालकांचे निर्णय धनकोंना कसे भोवतात, याचे ठळक उदाहरण जेपी इन्फ्राटेकचे. नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग उभारण्यासाठी २००७ मध्ये स्थापन झालेली ही जयप्रकाश असोसिएट्सची उपकंपनी. रस्त्यालगतच्या जमिनीवर ती घरेही बांधत होती. आयडीबीआय बँकेच्या अर्जावरून ९ ऑगस्ट २०१७ रोजी अलाहाबाद येथील न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध प्रक्रिया सुरू केली. तेव्हा उघड झाले की, स्वतः अडचणीत असताना या कंपनीने आपली शेकडो एकर जमीन मूळ कंपनीच्या कर्जासाठी तारण ठेवली होती. त्या कर्जातील छदामही उपकंपनीला मिळालेला नव्हता. घरांसाठी पैसे भरून बसलेल्यांना याची कल्पना असण्याचे कारणच नव्हते.

न्यायाधिकरणाने हे व्यवहार रद्द केले, अपील न्यायाधिकरणाने तो आदेश फिरवला आणि २६ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ७५८ एकर जमीन तारणमुक्त करून उपकंपनीकडे परत आणली. मूळ कंपनीच्या कर्जासाठी जमीन गहाण टाकणे हा उपकंपनीचा नित्याचा व्यवसाय नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कलम ४३ खालील अशा 'झुकत्या माप'च्या व्यवहारात हेतू तपासला जात नाही. संबंधित पक्षाशी झालेला व्यवहार असेल तर मागील दोन वर्षांतील, इतरांशी असेल तर एका वर्षातील व्यवहार तपासता येतो. पुढे मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या सुरक्षा समूहाची योजना मंजूर झाली.

कागदावरचे आणि हातातले

तरतूद कडक असली तरी वसुलीचे चित्र तितके आश्वासक नाही. कलम ६६ खाली अर्ज करण्याचा अधिकार निराकरण व्यावसायिकाकडे आहे; एखाद्या पुरवठादाराला स्वतंत्रपणे संचालकाला या कलमाखाली खेचता येत नाही. शिवाय चौकशीला वर्षे लागतात आणि तोवर कंपनी नव्या मालकाकडे गेलेली असते. मुंबईच्या डीएचएफएल प्रकरणात कर्जदात्यांच्या समितीने कलम ६६ खालील संभाव्य वसुलीचे मूल्य अवघा एक रुपया धरून ती नव्या मालकाला, म्हणजे पिरामल समूहाला, देऊ केली. प्रशासकाने तपासाअंती आक्षेप घेतलेले व्यवहार हजारो कोटींचे होते. यावरून वाद झाला, परंतु १ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने योजना कायम ठेवली. व्यापारी निर्णय म्हणून समितीचे म्हणणे कायद्यात बसले असेल. ज्या मुदत ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळाली नाही, त्यांना ते पटणे कठीण आहे.

धनकोंसाठी इतर दोन मार्ग अधिक परिणामकारक ठरले आहेत. संचालकाने वैयक्तिक हमी दिली असेल, तर कंपनीची योजना मंजूर झाल्याने तो आपोआप मुक्त होत नाही, असे मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. धनादेश न वटल्यास कंपनीविरुद्धचा खटला स्थगितीकाळात थांबतो, सही करणाऱ्या संचालकाविरुद्धचा थांबत नाही. हा निकाल त्याच वर्षीच्या मार्चमधला.

ज्यांची उधारी अडकली आहे त्यांनी जाहीर सूचना प्रसिद्ध होताच मुदतीत दावा दाखल करावा: पुरवठादारांसाठी 'फॉर्म बी', बँका व वित्तीय धनकोंसाठी 'फॉर्म सी', घरखरेदीदारांसाठी 'फॉर्म सीए'. संचालकांनी मालमत्ता वळवल्याची माहिती असल्यास ती कागदपत्रांसह निराकरण व्यावसायिकाला लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.