ख्रिस्ती धर्मसंस्था आणि वंशभेद : गोमंतक व उत्तर कोकण

वंश, वर्ण वा जन्मस्थान यांवरून माणसामाणसांत उच्चनीच भाव मानून काहींना धर्मसंस्थेतील दीक्षा, अधिकार व मान यांपासून वंचित ठेवण्याची प्रवृत्ती ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात वारंवार आढळते. तिचा प्रतिवादही त्या धर्माच्या विचारांतूनच झालेला आहे. भारतात या वादाचा दीर्घ इतिहास गोमंतकात आणि पोर्तुगीज अंमलाखालील उत्तर कोकणात घडला. वसई आणि ठाण्याजवळील साष्टी बेट हे उत्तर कोकणातील त्याचे मुख्य क्षेत्र होय. आजच्या मीरा-भाईंदर परिसरातील गोडदेव, भाईंदर, उत्तन इ. गावे याच बेटाच्या उत्तर भागात मोडतात. (गोमंतकातील साष्टी हा तालुका निराळा.)

तात्त्विक भूमिका : सर्व मानव एकाच ईश्वराची लेकरे असून बाप्तिस्म्यानंतर वंश, कुळ वा गुलामी यांवरून भेद उरत नाही, ही शिकवण नव्या करारात आहे. यहुदी नसलेल्यांना समान अधिकाराने समाजात घ्यावे की नाही, हा आद्य ख्रिस्ती समाजापुढील पहिला मोठा वाद होता व तो त्यांना सामावून घेण्याच्या बाजूने सुटला. सोळाव्या शतकात यूरोपीय सत्तांच्या विस्ताराबरोबर हा प्रश्न नव्याने उभा राहिला. पोप तिसरा पॉल याने १५३७ मध्ये, अमेरिकेतील मूळ रहिवासी पूर्णार्थाने मानव आहेत आणि त्यांना गुलाम करता येणार नाही, असे घोषित केले. बार्तोलोमे दे लास कासास या डॉमिनिकन धर्मगुरूने १५५०–५१ मध्ये स्पेनमधील वायादोलिद येथे सेपूल्वेदा या पंडिताशी झालेल्या वादात हीच बाजू मांडली. तथापि सिद्धांत मान्य असूनही व्यवहार त्याप्रमाणे होत नसे. गोमंतकाचा इतिहास या विसंगतीचे ठळक उदाहरण आहे.

गोमंतकातील स्थिती : पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये जिंकले. देशी मुलांना धर्मशिक्षण देऊन त्यांच्यातून धर्मगुरू घडवावेत, या हेतूने १५४१ मध्ये तेथे ‘सांता फे’ ही संस्था स्थापन झाली. पुढे ती जेझुइटांच्या हाती जाऊन सेंट पॉल महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आली. आरंभीचा हा उदार हेतू मात्र टिकला नाही. पोर्तुगालमध्ये जन्मलेले, आशियात जन्मलेले पोर्तुगीज, मिश्र संततीचे आणि देशी अशी एक उतरंड वसाहतीच्या समाजात रूढ झाली व धर्मसंस्थेनेही ती स्वीकारली. देशी तरुणांना धर्मग्रामांत दुय्यम धर्मगुरू म्हणून काम मिळे. परंतु फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट इ. संघांचे दरवाजे त्यांना बहुतांशी बंद होते. जेझुइट संघाने १५७५ मध्ये केरळातील पेद्रो लुईस या ब्राह्मणकुलीनास प्रवेश दिला, तो अपवादच ठरला. त्या संघाचा पूर्वेकडील निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो याने जपानी व चिनी लोकांना ‘गोरे’ मानून त्यांच्या प्रवेशाला अनुकूलता दर्शविली, तर भारतीयांना काळ्या वर्णाचे म्हणून अपात्र ठरविले. एकाच व्यक्तीने दोन आशियाई समाजांना दोन मापे लावली, यावरून निर्णयाचा आधार गुण नसून वर्ण होता, हे स्पष्ट होते.

मातेउश द काश्त्रू (सु. १५९४–१६७७) : या भेदाला पहिले मोठे आव्हान गोमंतकातील दिवाडी बेटावर जन्मलेल्या मातेउश द काश्त्रू याने दिले. तो ब्राह्मणकुलीन ख्रिस्ती होता. रेइस मागुस येथील फ्रान्सिस्कन विद्यालयात त्याचे शिक्षण झाले. मात्र गोव्याच्या आर्चबिशपने त्याला गुरुदीक्षा नाकारली. तेव्हा तो रोमला गेला. तेथे १६२२ मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी स्थापन केलेले ‘प्रॉपगँडा फिदे’ हे मंडळ, पोर्तुगीज राजाच्या धर्मविषयक मक्तेदारीला शह देण्यासाठी, देशी धर्मगुरूंच्या शोधात होते. काश्त्रूला रोममध्ये दीक्षा मिळाली. गोव्यात परतल्यावर अधिकाऱ्यांनी त्याचे अधिकारपत्र मानले नाही, म्हणून त्याने पुन्हा रोम गाठले. १६३७ मध्ये तो बिशप झाला. विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी पोपचा प्रतिनिधी म्हणून त्याची नेमणूक झाली. लॅटिन संप्रदायातील तो पहिला भारतीय बिशप होय.

आदिलशाहीतील डिचोली येथे राहून त्याने देशी तरुणांना दीक्षा दिल्या. गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्या अवैध ठरविण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्यावर शत्रूंशी संधान बांधल्याचे आरोप ठेवले. १६५३ मध्ये त्याने ‘ब्राह्मणांचा आरसा’ अशा अर्थाचे शीर्षक असलेली पुस्तिका लिहून, देशी धर्मगुरूंना गौण स्थान देणाऱ्या पोर्तुगीज धर्मगुरूंवर टीका केली आणि देशबांधवांना अन्यायाविरुद्ध उभे राहण्यास सांगितले. त्याचे अखेरचे दिवस रोममध्ये गेले. त्याच्या कार्याची मर्यादाही येथेच नोंदविली पाहिजे. गोऱ्या धर्मगुरूंच्या श्रेष्ठत्वाला नकार देताना त्याने ब्राह्मण जातीच्या श्रेष्ठत्वाचा आधार घेतला. म्हणजे समानतेचा युक्तिवाद वरच्या दिशेने लागू झाला, खालच्या दिशेने झाला नाही. हीच मर्यादा गोमंतकातील पुढील संस्थांतही दिसते. संत जुझे वाझ (१६५१–१७११) याने १६८५ पासून नेतृत्व केलेला ऑरेटरी संघ संपूर्णपणे देशी धर्मगुरूंचा होता आणि डच अंमलातील श्रीलंकेत त्याने यूरोपीयांच्या साहाय्याविना मोठे कार्य केले. तथापि त्याचा प्रवेश ब्राह्मणकुलीनांपुरता होता. क्षत्रियकुलीन (चारडो) धर्मगुरूंनी चिंबल येथे आपला वेगळा संघ काढला.

कायदा आणि कट : पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याच्या कारकीर्दीत, २ एप्रिल १७६१ च्या राजाज्ञेने, आशियातील वसाहतींत जन्मलेल्या ख्रिस्ती प्रजाजनांना पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचा दर्जा देण्यात आला, त्यांना वर्णवाचक अपशब्दांनी हिणविणे दंडनीय ठरले. गोव्यातील अधिकाऱ्यांनी ही आज्ञा वर्षानुवर्षे बासनात ठेवली. १७७४ मध्ये लिस्बनहून सक्त सूचना आल्यावरच ती अमलात येऊ लागली. बढतीतील पक्षपात त्यानंतरही संपला नाही. कायतान फ्रान्सिस्क कौतु व जुझे आंतोनियु गोंसाल्विश या दोन गोमंतकीय धर्मगुरूंनी लिस्बनला जाऊन उच्च पदांसाठी केलेले प्रयत्न निष्फळ ठरले. तेथून परतल्यावर ते १७८७ च्या ‘पिंटोंच्या कटा’चे सूत्रधार बनले. कट उघडकीस येऊन पंधरा जणांना देहान्त शिक्षा झाली व कटातील अनेक धर्मगुरूंना लिस्बनला पाठविण्यात आले. धर्मसंस्थेतील वर्णभेदाच्या तक्रारीतून राजकीय स्वातंत्र्याची आकांक्षा कशी उद्भवते, हे या घटनेतून दिसते.

साष्टी व मुंबई : उत्तर कोकणात या प्रश्नाला निराळे वळण राजकीय उलथापालथीने मिळाले. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई घेतल्यावर यूरोपीय धर्मगुरूंना हा प्रदेश सोडावा लागला आणि साष्टी-वसईतील धर्मग्रामांचा भार देशी धर्मगुरूंवर पडला. इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी घेईपर्यंतच्या काळात येथील ख्रिस्ती गावांचे धर्मजीवन त्यांनीच टिकविले. देशी माणूस स्वतंत्र जबाबदारीस अपात्र आहे, या दोन शतके मांडल्या गेलेल्या मताचे हे कृतीने झालेले खंडन होय. मात्र त्याची तात्त्विक दखल यूरोपात फारशी घेतली गेली नाही.

मुंबईत पोर्तुगीज राजाचा धर्मविषयक हक्क आणि पोपच्या मंडळाचा अधिकार यांतील झगडा दीर्घकाळ चालला. १९२८ च्या करारानुसार मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा, असे ठरले. ज्या धर्मप्रांतातील जनता भारतीय होती, तेथे भारतीयाला या आळीत स्थानच नव्हते. १९३७ मध्ये आलेले ब्रिटिश आर्चबिशप टॉमस रॉबर्ट्‌स यांनी ही विसंगती ओळखली. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस (१९००–७८) हे साहाय्यक बिशप झाल्यावर त्यांच्यावर कारभार सोपवून रॉबर्ट्‌स मुंबईबाहेर राहिले आणि १९५० मध्ये त्यांनी औपचारिक राजीनामा दिला. त्याच वर्षी पोर्तुगालने आपला हक्क सोडला व गोमंतकीय कुटुंबातील ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल बनले. अधिकार मागणाऱ्यांचा इतिहास मोठा आहे. अधिकार स्वेच्छेने सोडणाऱ्यांची उदाहरणे विरळ, म्हणून रॉबर्ट्‌स यांची कृती महत्त्वाची ठरते.

प्रॉटेस्टंट पंथांतही मिशनरी व देशी ख्रिस्ती यांच्यातील मालक-नोकर संबंध टीकेचा विषय झाला. एडिंबरो येथील १९१० च्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया यांनी, परदेशी मिशनऱ्यांकडून उपकारापेक्षा मैत्री हवी, असे बजावले. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. परकीय आधार व भेद यांपासून मुक्त असे ख्रिस्तानुयायांचे बंधुमंडळ त्यांना हवे होते.

आधुनिक विचार : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये वंश, वर्ण, स्थिती वा धर्म यांवरून केलेला भेद ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध असल्याचे जाहीर केले. दक्षिण आफ्रिकेतील वर्णविद्वेषाचे धार्मिक समर्थन हे पाखंड आहे, असा ठराव सुधारित ख्रिस्ती मंडळ्यांच्या जागतिक संघटनेने १९८२ मध्ये ऑटावा येथे केला. वर्णभेद ही केवळ सामाजिक चूक नसून धर्मश्रद्धेचाच भंग होय, ही या ठरावामागील भूमिका होती.

भारतात हा विचार जातीपाशी येऊन पोहोचला. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले असता, केरळातील एका शाळेत अमेरिकेतील अस्पृश्य अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. प्रथम आपणास धक्का बसला, परंतु विचारान्ती ते वर्णन खरे वाटले, असे त्यांनी १९६५ च्या एका प्रवचनात सांगितले. महाराष्ट्रातील धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथील व्याख्यानात भारतीय ख्रिस्ती धर्मविचाराच्या उच्चवर्णीय चौकटीवर टीका करून दलित धर्मशास्त्राचा पाया घातला. ज्याने अवहेलना भोगली त्याच्या अनुभवातून ईश्वराचा विचार सुरू व्हावा, हे त्याचे सूत्र होय. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध करताना, धर्मसंस्थेत जातिभेद व अस्पृश्यता अस्तित्वात असल्याचे मान्य केले.

मूल्यमापन : काश्त्रूपासून निर्मळांपर्यंतच्या या इतिहासात एक क्रम दिसतो. अन्यायाची जाणीव प्रथम तो सोसणाऱ्यास होते. तो धर्मग्रंथातील समतेचा आधार घेतो. आणि बरोबरी मिळू लागली की आपल्याहून खालच्या मानलेल्यांचा त्याला विसर पडतो. गोऱ्या रंगाचा मक्ता मोडण्यास गोमंतकात व मुंबईत तीन शतकांहून अधिक काळ लागला. जातीची उतरंड त्या लढ्याच्या आरंभीही धर्मसंस्थेत होती आणि तो संपल्यावरही उरली. म्हणून वंशभेदाविरुद्धचे ख्रिस्ती चिंतन परक्या अधिकाऱ्याच्या दोषांपाशी थांबले तर अपुरे राहते; स्वतःच्या समाजातील पंक्तिभेदाला तोच न्याय लावल्यावरच त्याला पूर्णता येते.